लिंबाच्या पाण्याने न्हालेलं विमान

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची लेक, मुलगा, भाचा किंवा पुतणी आता इंग्लंडात असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे गेलात की फिरण्याची यादी ठरलेली असते: राजवाडा, टॉवर ब्रिज, लंडन आय, जमलं तर एक दिवस ऑक्सफर्ड. या यादीत मी दोन नावं घालायला सुचवणार आहे. एक डीलचा समुद्रकिनारा आणि दुसरं कॉसफर्ड. पहिलं देशाच्या आग्नेय टोकाला, दुसरं पार मध्यावर. दोन्ही एका दिवसात होत नाहीत. पण दोन्ही बघा, आणि जमल्यास याच क्रमाने बघा. कारण पहिल्या ठिकाणी बघण्यासारखं काहीच दिसत नाही, आणि ते का दिसत नाही हे कळल्यावरच दुसऱ्या ठिकाणची मजा आहे.

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून डीलला थेट आगगाडी आहे. गाव लहान, किनारा गोट्यांचा. आपल्यासारखी मऊ वाळू नाही, त्यामुळे चप्पल काढून चालायचा बेत करू नका. समुद्रात लांबवर गेलेला एक धक्का आहे. त्याच्या टोकाला उभं राहून पूर्वेकडे बघा. करडं पाणी, जाणारी येणारी जहाजं, आणि बस्स. पण समोर साधारण दहा किलोमीटरवर, त्या पाण्याखाली, गुडविन सँड्स नावाचा सोळा किलोमीटर लांबीचा वाळूचा पट्टा पसरलेला आहे. भरतीला तो पूर्ण बुडतो. ओहोटीला त्याची पाठ वर येते आणि त्यावर सील मासोळ्यांसारखे लोळत पडतात. एकोणिसाव्या शतकात तर हौशी मंडळी ओहोटी साधून तिथे होडीने जायची आणि क्रिकेट खेळायची! भरती यायच्या आत डाव आटपायचा, नाहीतर सामना नव्हे, खेळाडूच बुडायचे.

या पट्ट्यावर आजवर दोन हजारांहून जास्त जहाजं फुटली आहेत. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये ज्या जागी जहाज बुडाल्याची बातमी येते, ती हीच जागा. इथली वाळू स्थिर नसते. लाटा आणि प्रवाह ती सतत इकडून तिकडे ढकलतात. आज एखादं जहाज गिळून टाकते आणि पन्नास-साठ वर्षांनी अचानक त्याचा सांगाडा उघडा पाडते. जहाजांचं हे सगळ्यांना माहीत होतं. विमानांचं फारसं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

१९४० च्या उन्हाळ्यात याच आकाशात जर्मन आणि ब्रिटिश विमानांची झुंज चालू होती. फ्रान्स पडला होता, जर्मन सैन्य खाडीच्या पलीकडे येऊन बसलं होतं, आणि इंग्लंडवर उतरण्याआधी तिथली विमानतळं मोडून काढायची असा त्यांचा डाव होता. इतिहासात याला ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ म्हणतात. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर, असे ते जवळजवळ चार महिने. दोन्हीकडची शेकडो विमानं पडली. जमिनीवर पडलेली लोकांनी बघितली, पोरांनी त्यांचे तुकडे गोळा केले. समुद्रात पडलेल्यांचा हिशेब पाण्याकडेच राहिला.

त्या लढाईतलं जर्मनांचं एक बॉम्बफेकी विमान म्हणजे डॉर्निअर डीओ १७. अंगाने इतकं सडपातळ की लोक त्याला ‘उडती पेन्सिल’ म्हणत. दीड हजारांहून अधिक बनली होती. युद्ध संपलं तेव्हा त्यांची किंमत फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या भंगाराएवढी होती, आणि युद्धात होरपळलेल्या युरोपला भांड्याकुंड्यांपासून सगळ्यासाठी धातू हवा होता. सगळी वितळवली. कुठल्याही संग्रहालयात एकसुद्धा उरलं नाही. दीड हजारांतलं एकही नाही! आपल्याकडे पितळी हंडे-घागरी मोडीत निघाल्या तेव्हा असंच झालं ना? घरोघरी होत्या तोवर कुणी जपल्या नाहीत.

आणि मग २००८ साली पाणबुड्यांना गुडविन सँड्सवर, पंधरा-एक मीटर खोल पाण्यात, वाळूतून वर आलेलं एक विमान दिसलं. ते पालथं पडलं होतं, चाकं वर. ध्वनिलहरी सोडून समुद्रतळाचं चित्र काढणाऱ्या यंत्रांनी पुन्हा पुन्हा तपासणी झाली आणि खात्री पटली की हे डॉर्निअर आहे, आणि बरंचसं अखंड आहे. इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही त्याच्या मुख्य चाकांचे टायर फुगलेले होते. प्रोपेलरची पाती मात्र वाकलेली होती. पाण्यावर आपटताना लागलेला मार होता तो.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मिळालं ना, मग राहू द्यावं तिथेच. सत्तर वर्षं टिकलं, आणखी सत्तर टिकेल.

टिकलं नसतं. वाळूखाली होतं तोवर त्याला प्राणवायू फारसा मिळत नव्हता, म्हणून गंज हळू चढत होता. वाळू सरकली आणि ते उघडं पडलं, तसा प्रवाह त्याला कापू लागला. मासेमारीची जाळी अडकून ओढली जाण्याचा धोका होता. शिवाय आठवणीचा तुकडा म्हणून काहीतरी काढून नेणारे हौशी लोक जगात सगळीकडे असतात. ब्रिटनमध्ये लष्करी विमानांच्या अवशेषांना १९८६ च्या कायद्याने संरक्षण आहे, परवान्याशिवाय हात लावता येत नाही. पण समुद्राच्या तळाशी पहारा कोण देणार? शेवटी रॉयल एअर फोर्स म्युझियमने ते वर काढायचं ठरवलं. राष्ट्रीय वारसा निधीतून सुमारे साडेतीन लाख पौंड मिळाले आणि २०१३ च्या मे महिन्यात काम सुरू झालं.

पहिला बेत असा होता की पाण्याखालीच विमानाभोवती अ‍ॅल्युमिनियमचा पिंजरा उभा करायचा आणि पिंजऱ्यासकट उचलायचं. बेत चांगला होता, वाऱ्याला मान्य नव्हता. दिवसामागून दिवस समुद्र खवळलेला. पाणबुडे खाली उतरणार, थोडं काम होणार, की परत वर. बार्जचं भाडं चालू, पैसा संपत आलेला. अखेर पिंजऱ्याचा नाद सोडला. विमानाच्या सांगाड्यात ज्या जागा सर्वांत मजबूत होत्या, तिथेच दोर बांधायचे आणि सरळ उचलायचं, असं ठरलं. यात जोखीम मोठी होती. सत्तर वर्षं खाऱ्या पाण्यात कुजलेला पत्रा हवेत आल्यावर स्वतःचंच वजन पेलेल का, हे आधी कुणाला सांगता येत नव्हतं. पाण्यात असताना पाणी त्याचा भार घेतं, वर आल्यावर तो आधार संपतो.

१० जून २०१३ च्या संध्याकाळी वारा पडला. क्रेनने दोर ताणले आणि पाण्यातून ते विमान वर आलं. शिंपल्यांनी, शेवाळाने लगडलेलं, जागोजागी फाटलेलं, पाणी गळणारं, पण ओळखू येणारं. पंखांचा पसारा अठरा मीटर. तिथून बार्जवरून रॅम्सगेट बंदरात, आणि मग रस्त्याने कॉसफर्डला.

बातम्या इथे संपल्या. खरं काम इथून पुढे सुरू झालं. या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भागही हाच आहे.

तुमच्या घरी लोणच्याची जुनी बरणी असेल तर तिचं पत्र्याचं झाकण आठवा. आत लोणचं आहे तोवर ठीक. बरणी रिकामी केली, झाकण वरवर धुतलं आणि कोरडं करून ठेवलं, की आठ दिवसांत त्याला गंजाचे फोड येतात. कारण मीठ वरवर धुऊन जात नाही. ते धातूच्या बारीक बारीक भेगांत शिरून बसतं. हवा आणि थोडी ओल मिळाली की आतून पोखरायला लागतं. विमानाचंही तेच. त्याचा पत्रा निव्वळ अ‍ॅल्युमिनियमचा नसतो. त्यात थोडं तांबं आणि मॅग्नेशियम मिसळलेलं असतं, म्हणजे पत्रा हलका राहून मजबूत होतो. पण दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात बसले की तिथे छोटीशी बॅटरीच तयार होते आणि त्यातला एक धातू झिजत जातो. या विमानात तर पत्र्याला पोलादी भागही जोडलेले. म्हणजे समुद्रातून बाहेर काढून तसंच वाळवलं असतं, तर सत्तर वर्षांत झालं नाही तेवढं नुकसान थोड्याच काळात झालं असतं. पत्रा पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटून त्याची भुकटी झाली असती.

म्हणून पहिला नियम असा की त्याला सुकू द्यायचं नाही. कॉसफर्डमध्ये दोन लांबलचक प्लास्टिकचे बोगदे उभारले होते, आपल्याकडे फुलशेतीसाठी पॉलीहाऊस असतात तसे. एकात विमानाचं धड, दुसऱ्यात पंख. आत नळांचं जाळं आणि त्यातून ठरावीक अंतराने फवारा. फवारा कशाचा? पाणी आणि सायट्रिक आम्ल. म्हणजे लिंबाला आंबट करणारं जे असतं तेच! लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या शास्त्रज्ञांनी संग्रहालयाबरोबर प्रयोग करून हे मिश्रण ठरवलं होतं.

आता स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणीही इथे थांबवून विचारेल, की अहो, अ‍ॅल्युमिनियमला आंबट चालतं कुठे? चिंचेची आमटी अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवू नये हे आजी सांगत आली. लिंबू-चिंच लावायची ती तांब्या-पितळेला. आजीचं बरोबरच आहे. तीव्र आंबटाने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून तर हे मिश्रण फार जपून बनवलं होतं. आंबटपणा इतका बेताचा, की कोरी कॉफीसुद्धा त्याहून आंबट असते. तेवढ्या सौम्य मिश्रणाने वर चढलेला समुद्री थर मऊ पडतो, भेगांतलं मीठ हळूहळू सुटून वाहून जातं आणि खालचा धातू शाबूत राहतो. हळूहळू म्हणजे किती? आधीच दीड-दोन वर्षांचा अंदाज धरला होता. रात्रंदिवस फवारा. अधूनमधून फवारा थांबवून माणसं आत जायची आणि मऊ पडलेला शिंपल्यांचा थर प्लास्टिकच्या उलथन्यांनी खरवडायची. लोखंडी हत्यार नाही, कारण पत्र्याला ओरखडा गेला तर तिथूनच नवा गंज सुरू होणार. इंच इंच करत अठरा मीटरचे पंख! आपल्याकडे गणपतीची चांदीची उपकरणी उजळायला बसलेली काकू आणि हे लोक, दोघांची चिकाटी मला एकाच जातीची वाटते.

धुऊन, मीठ काढून झाल्यावर पुढे काय करायचं? वाकलेलं सरळ करायचं, फाटलेलं बदलायचं, रंग द्यायचा, नवंकोरं दिसेल असं करायचं? तसं करणारेही आहेत. अमेरिकेत शिकागोजवळच्या मिशिगन सरोवरात नौदलाच्या सरावातली शंभराहून जास्त विमानं बुडाली होती. त्यातली काही वर काढून इतकी सुंदर दुरुस्त केली आहेत की कालच कारखान्यातून आल्यासारखी वाटतात. तिथे एक मोठी सोय होती: सरोवराचं पाणी गोडं आणि गार. कॉसफर्डच्या लोकांनी मात्र डॉर्निअर सापडलं तसंच ठेवायचं ठरवलं. याच संग्रहालयाच्या लंडन शाखेत एक हॅलिफॅक्स विमान आहे. नॉर्वेतल्या एका तळ्यातून १९७३ मध्ये काढलेलं ते विमानही बहुतांशी मोडक्या अवस्थेतच मांडलं आहे. मला विचाराल तर हेच योग्य. डॉर्निअर नवं केलं असतं तर त्यातला निम्म्याहून जास्त पत्रा आजचा असता. मग ते एक सुंदर नमुना झालं असतं. आता ते १९४० च्या ऑगस्टमधलं विमान आहे.

त्या ऑगस्टमध्ये झालं काय, तेही ऐका. विमान वर काढताना संग्रहालयाने नोंदी जुळवून जी हकिकत सांगितली ती अशी. २६ ऑगस्ट १९४० च्या दिवशी बेल्जियममधल्या तळावरून निघालेल्या बॉम्बफेकी विमानांच्या ताफ्यात हे होतं. निशाणा होता इंग्लंडमधल्या विमानतळांवर. ढगांत हे बाकीच्यांपासून चुकलं आणि ब्रिटिशांच्या डिफायंट विमानांच्या तावडीत सापडलं. मारा बसला. वैमानिकाने कसंबसं ते गुडविन सँड्सच्या पाण्यावर टेकवलं. आत चौघं होते. दोघं वाचले आणि कैद झाले. दोघं गेले. त्यांचे देह पुढे वेगवेगळ्या किनाऱ्यांना लागले आणि त्यांना माती मिळाली. म्हणजे २०१३ साली जे उचललं ती कुणाची कबर नव्हती. उचलणाऱ्यांच्या मनावरचा एक भार त्यामुळे नक्कीच हलका झाला असणार.

आणि आता आपला धागा. ती डिफायंट विमानं होती २६४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची. हे विचित्र विमान होतं. वैमानिकाच्या पाठीमागे फिरत्या घुमटात चार बंदुका, पण समोर मारा करायला एकही नाही. त्याच आठवड्यात या स्क्वाड्रनची इतकी हानी झाली की महिना संपायच्या आत तिला दिवसाच्या लढाईतून बाजूला घ्यावं लागलं. युद्धकाळातच या स्क्वाड्रनच्या नावाला दोन शब्द जोडले गेले: मद्रास प्रेसिडेन्सी. मद्रास इलाख्यातून ब्रिटिशांच्या युद्धनिधीला जो पैसा गेला त्याची ती पोच. अशी आणखीही होती. १२२ क्रमांकाची बॉम्बे स्क्वाड्रन, १३२ ची सिटी ऑफ बॉम्बे, १२९ ची म्हैसूर, शिवाय हैदराबादच्या नावाच्या. तो पैसा कुणी खुशीने दिला असेल, कुणी कलेक्टरसाहेबांच्या भिडेने. पण तुम्ही चेन्नईत, मुंबईत किंवा हैदराबादेत बसून हे वाचत असाल, तर त्या परक्या आकाशातल्या लढाईत तुमच्या शहराचं नाव रंगवलेली विमानं होती, एवढं खरं.

सगळंच वर काढायला हवं, असं मात्र समजू नका. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर ब्रूम नावाचं गाव आहे. ३ मार्च १९४२ ला तिथल्या रोबक उपसागरात पाण्यावर उतरणारी विमानं नांगरून उभी होती. जावाहून जीव वाचवून पळालेली डच कुटुंबं, बायका-मुलं त्यांत होती. जपानी विमानांनी हल्ला केला आणि पाण्यावरची पंधरा विमानं गेली. त्या दिवशी किमान ८८ माणसं मेली. ब्रूमला भरती-ओहोटीचा फरक नऊ-दहा मीटरपर्यंत जातो. वर्षातल्या मोजक्या मोठ्या ओहोटींना समुद्र इतका मागे हटतो की चिखलातून चालत जाऊन त्यातले काही सांगाडे बघता येतात. तिथे काही उचलायला बंदी आहे. लोक जातात, बघतात, आणि पाणी परतायच्या आत माघारी येतात. अवशेष तिथेच झिजत आहेत आणि झिजू दिले जात आहेत. डॉर्निअर प्रकारचं ते शेवटचं होतं म्हणून ते वर आलं. ब्रूममध्ये काय घडलं हे सांगायला ती जागाच पुरेशी आहे.

गुडविन सँड्समध्येही अजून विमानं असणार. काही वर्षांपूर्वी डोव्हर बंदराच्या कामासाठी इथली वाळू उपसायचा प्रस्ताव आला तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांतून मोठा विरोध झाला. खाली वैमानिक असतील, त्यांचं काय, असं लोक विचारत होते. वाळूउपसा म्हटल्यावर आपल्याकडे खाडी, नदी आणि पूल आठवतात. तिथे हेही आठवतं.

डीलहून कॉसफर्डला जायचं म्हणजे लंडन गाठून पुढे बर्मिंगहॅम किंवा वुल्व्हरहॅम्प्टन. या दोन्ही शहरांत आपली माणसं भरपूर आहेत, मुक्कामाला नातेवाईक सापडायची शक्यता चांगली. वुल्व्हरहॅम्प्टनहून श्रूजबरीच्या गाडीने कॉसफर्ड स्थानकावर उतरलात की संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हल्ली त्याचं नाव आरएएफ म्युझियम मिडलँड्स. प्रवेश फुकट, गाडी लावायचे मात्र पैसे. डॉर्निअरचे कोणते भाग सध्या कुठे मांडले आहेत हे निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या, कारण जतनाच्या कामासाठी वस्तू हलवल्या जातात. मुलं सोबत असतील तर ती आधी चकचकीत लढाऊ विमानांकडे धावतील. धावू द्या.

नंतर त्यांना इकडे आणा आणि प्रोपेलरची ती वाकलेली पाती दाखवा. ती सरळ केलेली नाहीत.